त्रिशलाची आळवणी

चौथ्या संध्याकाळी जिनाप्पा गुरुजींनी चष्मा काढला आणि कपाळाला हात लावला.

"त्रिशला, आळवणं म्हणजे काय, काल लिहून दिलं न्हवं?"

"व्हय की गुरुजी." तिनं वही उघडली. "आळवणे म्हणजे आवाज वरखाली करत, काकुळतीने हाक मारणे."

"मग म्हण तसं."

तिनं स्तवन म्हटलं. पहिली ओळ वर, दुसरी खाली, तिसरी पुन्हा वर. काकुळती औषधालाही नव्हती.

"अगं, पाढे म्हणतीस काय?"

"वरखाली केलं की!"

उद्या सकाळी बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, अभिषेक होता. त्यानंतरचं स्तवन गावातलंच एखादं पोर म्हणायचं आणि गुरुजीच त्याला शिकवायचे, अशी तीस वर्षांची रीत. यंदा मात्र बस्तीचा कारभार बघणारे आण्णाप्पा म्हणाले होते, "पोरीला जमलं न्हाय तर स्तवनाचा पेन ड्राइव्ह लावतो. मग दरसाल तोच."

"जा घरी," गुरुजी वैतागून म्हणाले.

ती गेली आणि वही तिथंच विसरली. स्वतःशी पुटपुटत गुरुजी वही द्यायला निघाले.

गोठ्याच्या दारात तिची आजी, धोंडूबाई, उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. "रेडकू गेल्यापासनं म्हस पान्हा सोडत न्हाय. हिलाच तेवढी धार देती."

आतून त्रिशलाचा आवाज आला. "ये गं माझे बाई... दे गं..." आवाज लांबला, चढला, मध्येच बारीक होऊन थांबला आणि पुन्हा तळातून वर आला. चरवीत पहिली धार वाजली.

चार दिवस घसा कोरडा केलेले गुरुजी बघतच राहिले.

"हे कुणी शिकवलं गं तुला?"

"कुणी न्हाय. पाठ केल्यागत म्हटलं की लाथ झाडती."

"मग देवापुढं का पाठ केल्यागत म्हणतीस?"

"देव कुठं लाथ मारतोय?"

रागवावं की हसावं, गुरुजींना कळेना. वही त्यांनी परत स्वतःच्याच काखेत धरली. "ही माझ्याकडं राहू दे. उद्या म्हस समोर हाय असं समज."

सकाळी बस्तीत त्रिशलानं पहिली ओळ सपाट म्हटली. आण्णाप्पा पेन ड्राइव्ह घेऊन स्पीकरच्या यंत्राकडं सरकले. ती थांबली, डोळे मिटले आणि तळातून पुन्हा सुरू झाली. कुजबुजणाऱ्या बायका गप्प झाल्या. तिसऱ्या ओळीनंतर धार काढायच्या सवयीनं तिनं जिभेनं 'च्च च्च' केलं. सगळी हसली.

गुरुजी हसले नाहीत. ते आण्णाप्पांच्या हाताकडं बघत होते. स्तवन संपलं, तरी पेन ड्राइव्ह मुठीतच होता.