गोल्वेनचा नेम

"परत डावीकडे!" पाण्यातून डोकं वर काढून तांगी ओरडला. "लेका, डबा पळतोय का?"

डबा पळत नव्हता. मधोमध पांढरी फुली काढलेला तो तेलाचा डबा त्यांनीच दगडाला बांधून तळाशी सोडला होता. गोल्वेनने डुबकीचा मुखवटा कपाळावर सरकवला आणि हातातल्या नव्या भालाबंदुकीकडे उद्धट पाहुण्याकडे बघावं तसं पाहिलं.

आमच्या ब्रिटनीत, फ्रान्सच्या या किनाऱ्यावर, निवृत्त होणाऱ्या पोस्टमनला घड्याळ देतात, वेळेची गरज संपल्यावर. गोल्वेनच्या सहकाऱ्यांनी मात्र विचार केला, आणि तोच नडला. त्याच्या जुन्या लाकडी बंदुकीला चीर गेली होती, म्हणून त्यांनी ही लांब, काळी, नवीकोरी बंदूक दिली. जुनी कौतुकाने पोस्टाच्या भिंतीवर टांगली.

एरवी मासा चुकला म्हणून कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्याच्या बायकोचं, सोआझिगचं, पोटाचं दुखणं वाढत चाललं होतं. सूपसुद्धा दोन चमच्यांवर जात नव्हतं. काही खावंसं वाटतं का, असं नर्सने विचारलं, तर म्हणाली, "दोराद मासळी. ह्याने मारलेली."

"मी बाजारातून आणतो की," तांगी म्हणाला होता. तो गावचा बेकरीवाला, शाळेपासूनचा मित्र.

"बाजारातली तुझ्या बायकोला घाल," सोआझिगने सुनावलं.

तेव्हापासून गोल्वेन रोज भरतीला पाण्यात. दोराद कालवं फोडायला खडकांपाशी येत, भाला त्यांच्या शेजारून जाई, आणि त्या दिसेनाशा होत.

तांगीने डबा वर ओढून काढला.

"भोकं बघ. सगळी तळहाताएवढ्या जागेत. तुझा नेम वाईट नाही रे, फार चांगला आहे. पण जुन्या बंदुकीचा."

जुनी बंदूक भाला उजवीकडे फेकायची. गोल्वेन कधीपासून तरी माशाच्या डावीकडे नेम धरायला शिकला होता, आणि आपण असं काही शिकलोय हेच त्याला माहीत नव्हतं.

"मग आता?"

"मासा दिसेल तिथे मार."

हे हाताला पटायला आठवडा गेला. मग एका सकाळी भाला एका दोरादच्या बरोबर कल्ल्यामागे घुसला. गोल्वेन रबरी पोशाखातच, पाणी ठिबकवत, चर्चमधून बाहेर पडणाऱ्या लोकांमधून धावत घरी आला.

सोआझिगने माशाच्या जखमेवरून बोट फिरवलं. "शिकलास की."

त्याने दोराद लोण्यात भाजली. पहिला घास तिने तोंडात धरून ठेवला, बराच वेळ. मग मान हलवली आणि रुमालात काढून टाकला.

"उशीर केला मी," तो म्हणाला.

"तू खा. मी बघते."

"एकटा?"

"मग काय, तांगीला बोलावतोस? खुर्ची जवळ घे."

तो खाऊ लागला.

"मीठ?"

"ठीक आहे."

"खोटं बोलू नकोस."

"कमी आहे."

"मग घाल ना, मेल्या."

शेवटी डोकं उरलं. गालाचा मऊ तुकडा आजवर तिचा असे. त्याने तो सुरीने हलकेच सोडवला आणि ताटलीच्या तिच्याकडच्या कडेला ठेवला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग एका बोटाने तिने ताटली त्याच्या बाजूला सरकवली.

"गार होईल," ती म्हणाली.