चौथी दुर्बीण

सदाशिवरावांनी दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतली, शर्टाच्या टोकानं भिंगं पुसली, पुन्हा लावली, आणि समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसलेल्या कबुतराला एका शब्दात शेरा दिला.

"धूसर."

कबुतरावर काही परिणाम झाला नाही. हिरालालवर झाला. दुकानाच्या पायरीवर तो सरांच्या शेजारी रिकामा खोका धरून उभा होता, आणि ही तिसरी दुर्बीण होती.

"सर, मधातली फिरकी फिरवून पाहा न."

"फिरवली."

"उजव्या डोळ्याची वेगळी राह्यते. ती?"

"तीही फिरवली. माझ्या फिरवण्यात खोट नाही, हिरालाल. काचेत आहे."

"हो सर," हिरालाल म्हणाला. चाळीस वर्षांपूर्वी सातवी ब मध्येही तो हेच म्हणत असे, आणि तेव्हाही त्याच्या मनात दुसरं उत्तर असायचं.

हिरालालचा फोटो स्टुडिओ वर्ध्यातला जुना. लग्नं मोबाइलवर गेल्यापासून त्याच्याकडे तीनच गोष्टी उरल्या होत्या: पासपोर्टचे फोटो, स्वर्गवासी मंडळींच्या फ्रेमा आणि काचेच्या कपाटातल्या दुर्बिणी. दुर्बिणीच्या खोक्यावर तिचे उपयोग छापलेले असत. पक्षीनिरीक्षण, शिकार, प्रवास. पैकी शिकारीला कायद्यानं बंदी. प्रवासाला जाणारे निसर्गाकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढतात. आणि पक्ष्यांसाठी म्हणून जे दुर्बीण नेतात, त्यातल्या निम्म्यांचे पक्षी शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालत असतात. खऱ्या पक्ष्यांसाठी दुर्बीण घेणारं गिऱ्हाईक गावात एकच, आणि ते म्हणजे विज्ञानाचे निवृत्त शिक्षक सदाशिवराव भोयर. बावीस वर्षं दर जानेवारीत ते तलावांवरचे पक्षी मोजत होते. सर जो आकडा बोलतील ती गणती. सरकारी जनगणनेवर लोक शंका घेतात. सरांच्या बदकांवर कोणी घेतली नव्हती.

दुर्बीण कशी निवडावी हेही हिरालालला सरांनीच शिकवलेलं. आठ-बेचाळीस म्हणजे आठपट जवळ दिसणार, आणि पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं. पट वाढली की गिऱ्हाईक खूश होतं, पण हाताची थरथरही तेवढीच पट वाढते. भिंग मोठं घेतलं की उजेड जास्त येतो, पण मान दुखते. सरांनी आधी आठ-बेचाळीस नेली: "बारीक दिसतं." मग दहा-बेचाळीस: "अंधार आहे." मग दहा-पन्नास, जी आत्ता कबुतरावर रोखलेली होती. प्रत्येक वेळी हिरालाल दुकानाच्या रिवाजाप्रमाणे "नेऊन पाहा, नाई पटली तर आणून द्या" म्हणायचा, आणि चार दिवसांनी दुर्बीण नेली होती त्याहून स्वच्छ होऊन परत यायची.

पंधरा दिवसांपूर्वी मोहिनीकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, एकट्याच दुकानात आल्या होत्या. फ्रेमा पाहिल्यासारखं केलं, आणि मग म्हणाल्या,

"हिरालाल, त्यांले दुर्बिणी देणं बंद कर."

"काऊन, काकू?"

"काचेत काई नाई. डोळ्यात हाये. डॉक्टर म्हणे, पडद्याचा मधातलाच भाग गेला. कडंकडंचं दिसते, समोरचं नाई. आता चष्म्यानंही होत नाई आन ऑपरेशननंही होत नाई."

हिरालालनं हातातली फ्रेम खाली ठेवली.

"सरांले सांगितलं डॉक्टरनं?"

"त्यांले बाहेर बसवलं न बाकड्यावर. मले आन आमच्या धनंजयले आत बोलावलं. मंग त्यांले म्हणे, बाबाजी, वयामानानं होते, हिरव्या भाज्या खात जा. तवापासून रोज पालक खाऊन राह्यले."

"मंग तुम्ही सांगा न, काकू."

"मी? पन्नास वर्षांत त्यांची एक चूक काढली नाई, आता डोळ्याची काढू? धनंजय पुण्याहून फोन करते, तर तो पावसापाण्याचंच बोलते. तू दुकानदार माणूस. काचेचं सांगता सांगता हेही सांगून टाकजो."

"सांगतो," हिरालाल म्हणाला होता. आणि खरंच, प्रयत्न त्याने केला होता. दहा-बेचाळीस परत आली त्या दिवशी तो म्हणाला होता, "सर, कधी कधी काचेपेक्षा..." सर म्हणाले, "काचेवरचं कोटिंग?" आणि हिरालाल म्हणाला, "हो सर, कोटिंग."

"रविवारी गणती आहे," सर आत्ता पायरीवर म्हणत होते. "हिंगणीजवळचा तलाव. बारा-पन्नास मिळेल?"

"नागपूरहून बोलावतो. पण सर, बाराले हात लई हलते."

"स्टँडवर लावू."

दुर्बीण अजून डोळ्यांना होती. कबुतर केव्हाच उडालं होतं. सर रिकाम्या टाकीकडे पाहत म्हणाले,

"दुसरं काही कारण असू शकतं का, हिरालाल?"

हिरालालचं तोंड उघडलं.

"नाई सर. काचच."

सरांनी दुर्बीण खाली घेतली, तिचा पट्टा नीट गुंडाळला आणि खोक्यात ठेवली.

"मग तूही चल रविवारी. तुझ्या काचेची जबाबदारी तुझी."

रविवारी पहाटे सर हिरालालच्या मोटारसायकलवर मागे बसले. मांडीवर नागपूरहून आलेली नवी बारा-पन्नास, दोघांच्या मधे आडवा तिपाई स्टँड. मागे बसलेल्या माणसाशी तोंड न दाखवता बोलता येतं, ही मोठीच सोय. हिरालालनं रात्री वाक्य तयार करून ठेवलं होतं. सेलू मागे पडलं तेव्हा त्यानं ते सुरू केलं.

"सर, डोळे..."

"हो, गॉगल घालायला पाहिजे होता तू," सर मागून म्हणाले. "वारा फार आहे."

हिंगणीपर्यंत मग वारा फारच होता.

तलावावर धुकं नुकतं विरत होतं. गणतीची बाकीची मंडळी पलीकडच्या काठाला गेली होती. या काठावर नोंद घ्यायला रुचिका होती, सावंगीला नर्सिंग शिकणारी, स्कूटीवर एवढ्या लांब आलेली, कानाला मफलर. तिनं सरांना वाकून नमस्कार केला आणि पॅड उघडून उभी राहिली. हिरालालनं स्टँड रोवला, दुर्बीण बसवली, झाकणं काढली. सर डोळे लावून बराच वेळ वाकून राहिले. हिरालालला आपण परीक्षेला बसलो आहोत असं वाटू लागलं, आणि बराच वेळ गेल्यावर आपलाच पेपर तपासला जातोय असंही.

"लिही, रुचिका," सर शेवटी म्हणाले. "चक्रवाक. अकरा. त्या अंगाला, रांगेत."

रुचिकानं लिहिलं.

हिरालालनं आपल्या गळ्यातली दहा-पन्नास उचलली. पाण्यावर रांगेत पांढरं काहीतरी तरंगत होतं. त्यानं फिरकी फिरवली. थर्माकोलचे तुकडे होते. मासेमारांनी जाळ्याला बांधलेले. एका तुकड्याला टीव्हीच्या खोक्यातला कोपरा अजून शिल्लक होता.

तो हळूच रुचिकाजवळ सरकला.

"पोरी, चक्रवाक कोणत्या रंगाचा राह्यते?"

"नारिंगी, काका."

"मंग तो तर थर्माकोल हाये."

"माहीत आहे."

तिनं पॅड थोडा तिरका केला. वरच्या कागदावर अकरा लिहिले होते. तो तिनं बोटानं उचलला. खाली दुसरा कागद होता, त्यावर शून्य.

"वरचा सरांसाठी. चहाच्या वेळी वाचून दाखवते. खालचा पुढं पाठवते."

"कवापासून?"

"मागच्या वर्षीपासून. ग्रुपमधे सगळ्यांना माहीत आहे."

"आन सरांले कोणीच...?"

"तुम्ही सांगता का, काका?" रुचिका म्हणाली. तिनं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं, आणि उत्तरासाठी थांबलीसुद्धा होती. हिरालालनं गळ्यातल्या दुर्बिणीचं भिंग पुसलं. ते स्वच्छ होतं.

"हिरालाल!" सरांनी हाक मारली. "ये, तू पाहा. काच कशी आहे?"

हिरालाल स्टँडपाशी वाकला. काच फार चांगली होती. जन्मात त्यानं इतकी चांगली काच विकली नव्हती. थर्माकोलला बांधलेल्या नायलॉनच्या दोरीची गाठसुद्धा दिसत होती.

"मोज."

त्यानं मोजले.

"अकरा, सर."

"चक्रवाक?"

आता. सेलूपासून तोंडात धरून ठेवलेलं वाक्य आता फक्त सोडायचं होतं. सर शेजारी उभे होते, हात मागे बांधून. वर्गात कोणी उत्तर द्यायला उभं राहिलं की ते असेच उभे राहायचे.

"चक्रवाकच, सर."

"रुचिका, तू पाहा."

ती वाकली, पाहिलं, सरळ झाली.

"हो सर. छान दिसतात."

सदाशिवराव काठावरच्या दगडावर जाऊन बसले. बसताना त्यांनी दगड हातानं चाचपला.

"काल संध्याकाळी श्रावणचा फोन आला होता," ते म्हणाले. "ते जाळं त्याचंच. म्हणे, सर, उद्या येऊ नका, जाळं टाकलं हाये, एक पाखरू बसत नाई. थर्माकोलचे अकरा तुकडे बांधले म्हणे. मोजून सांगितले त्यानं."

रुचिकानं पॅड छातीशी धरला. हिरालाल स्टँडचा एक पाय उगाच आवळू लागला.

"दुर्बिणी चारही चांगल्याच असतील, नाही का बे?"

"हो सर."

"किती गेलं ते मला आतून कळत नाही. बाहेरच्या माणसानं सांगावं लागतं. बायकोला विचारलं तर ती पालक वाढते. मुलाला विचारलं तर पुण्यात ऊन किती पडलं ते सांगतो. म्हटलं, दुकानदार सांगेल. धंद्यावर आलं की माणूस खरं बोलतो. तूही माझा विद्यार्थीच निघालास."

यात राग नव्हता. राग असता तर हिरालालला माफी मागता आली असती.

"सर..." रुचिका म्हणाली. ती वळून स्कूटीकडे गेली, मफलर सोडला, पुन्हा बांधू लागली.

"असू दे. आता खरं सांगायचं," सर हिरालालला म्हणाले. "पाण्यात वाळलेल्या झाडाचा खुंट आहे. त्यावर काही बसलंय?"

हिरालालनं दुर्बीण खुंटाकडे वळवली. तीस वर्षं दुर्बिणी विकताना तो काच पाहत आला होता. काचेतून पलीकडे काय आहे हे पाहण्याची त्याच्यावर कधी वेळ आली नव्हती.

"हाये सर!" तो ओरडलाच. "बसून हाये! मोठा हाये, घारीएवढा. पाठ तपकिरी. पोट पांढरं."

सर उभे राहिले.

"डोकं?"

"डोकंही पांढरं. डोळ्यावरून काळा पट्टा गेला हाये."

"मानेपर्यंत? नीट पाहा, हिरालाल. मानेपर्यंत गेलाय का?" सरांचा हात हिरालालच्या खांद्यावर आला होता. "कैकर असेल, मासे मारणारा. सहा वर्षं आलेला नाही इथं. घाई करू नको. पट्टा पाहा."

हिरालालनं श्वास धरला, फिरकी केसभर फिरवली. खुंटावरच्या पक्ष्यानं पंख उघडले, दोनदा मारले, आणि काचेत नुसता खुंट राहिला.

"उडालं, सर."

खांद्यावरचा हात तसाच राहिला. मग सरांनी तो काढून घेतला.

"उडालं," सर म्हणाले.

"आईशपथ, सर! आत्ता होतं. खरंच होतं, तुमच्या गळ्याची शपथ. रुचिका, ये पोरी, सांग न सरांले!"

"हो सर," रुचिका लगबगीनं म्हणाली. "उडालं. मी पाहिलं."

"तू तर गाडीकडं तोंड करून मफलर बांधत होतीस, बेटा. कडेचं मला दिसतं."

पलीकडच्या काठावरून कोणीतरी चहा झाल्याची हाक दिली.

"काय लिहू, सर?" रुचिकानं विचारलं. तिनं दोन्ही कागद पॅडवरून काढून कोरा वर घेतला होता.

सदाशिवरावांनी पाण्याकडे तोंड केलं.

"खुंट तरी आहे ना?"

"आहे, सर," दोघंही एकदम म्हणाले.

सरांनी मान हलवली. मग त्यांनी तलावाकडून हळूहळू तोंड फिरवलं, आणि डोळ्याच्या कडेनं स्वतः पाहिलं.