हुंकारनाथांचा लोखंडी डबा

सकाळी आठलाच शाळेच्या मैदानात पाय ठेवायला जागा राहिली नाही. लातूर जिल्हा होऊन तिसरं वर्ष होतं आणि पाऊस दडून दुसरं. नव्या जिल्ह्यानं आम्हाला एक पाटी आणि आठवड्याला एक टँकर कबूल केला होता. पाटी वेळेवर आली. त्यामुळे उदगीरपासून तीन कोसांवरच्या आमच्या गावात हुंकारनाथ महाराज उतरले, तेव्हा पाणी नाही तर निदान पाणी नसण्याचं कारण तरी मिळेल, या आशेनं माणसं लोटली.

महाराजांपाशी एक माईक होता. आमच्या भोंगेवाल्याच्या माईकला एकच वायर असते. या माईकची जाड वायर आधी एका लोखंडी डब्यात जायची, आणि डब्याच्या जाळीतून लाल उजेड दिसायचा. हैदराबादेत गाणी भरायचं एक दुकान मोडीत निघालं तिथून हा माल उचलला, असं महाराजांचा शिष्य रेवणप्पा एकदा चहा पिताना बोलून गेला होता. महाराज मात्र डब्याला देवीचं ठाणं म्हणत. असा डबा आम्ही कुणीच पाहिलेला नव्हता, म्हणून आम्हीही ठाणंच म्हणू लागलो.

"मी बोलत नाही बाबांनो! मी पोकळ बांबू! बोलते ती! ज्याच्या पापानं ढग अडला, त्याच्यावर ती हुंकारते. एक हुंकार म्हणजे इशारा. दोन म्हणजे ताकीद. आणि तिसरा झाला की..." इथे महाराज डोळे मिटत, आणि मैदानातली पोरंसुद्धा रडायची थांबत.

तिसरा झाला की त्या माणसानं गावची शीव सोडायची आणि त्याचं पाणी देवीच्या चरणी द्यायचं.

गेल्या अकरा दिवसांत धोंडाबाईवर देवी दोनदा हुंकारली होती. धोंडाबाईला नवरा नाही, मूलबाळ नाही. घरात आंधळी, अंथरुणाला खिळलेली सासू केवळाबाई. रानात एक विहीर, आणि त्या विहिरीत अजून दोन परस खोल पाणी. तिसरी परीक्षा आज होती. पोलीस पाटील किशनरावांनी तिच्या विहिरीचा रहाट काल संध्याकाळीच काढून आणला होता. देवीच्या निकालावर त्यांचा एवढा भरवसा.

"म्हातारीला पाठीवर घिऊन कुठं जाऊ, पाटील?" ती विचारत होती.

"देवी काय म्हनती बघू की. आत्ताच कशाला रडायलीस?"

पण देवीनं सकाळपासून भलतंच मांडलं होतं. माईक लावला आणि भोंग्यातून हुंऽऽऽ सुरू झालं ते थांबेचना. देवी किशनरावांवर गुरगुरली, भजनी मंडळावर गुरगुरली, प्रसादाच्या कढईवर गुरगुरली, आणि महाराज माईकपाशी आले तेव्हा त्यांच्यावरही गुरगुरली.

"क्षुब्ध आहे माऊली!" महाराज म्हणाले, आणि रेवणप्पानं गुपचूप उदगीरला जीप पाठवली.

जीपमधून स्टेशनजवळचा रेडिओ मिस्तरी व्यंकट उतरला. पन्नाशीचा, चष्म्याला दोरा बांधलेला.

"आडनाव काय मिस्तरी?" रेवणप्पानं विचारलं.

"सोनकांबळे."

रेवणप्पानं डब्यावरची फुलं घाईनं उचलली. "मग वरवरनंच बघा."

"वरवर बघून तार सापडत न्हाई." व्यंकटनं वीज बंद केली, पेचकसानं झाकणाचे स्क्रू काढले, पण आत हात घातला नाही. लाकडी दांड्याच्या पेचकसाचं टोक आत नेलं. चट्ट! निळी ठिणगी उडाली. पुढच्या रांगेतल्या बायांनी हात जोडले.

"कोप!" महाराज ओरडले.

"कंडेन्सर हाय," व्यंकट म्हणाला. "बंद केलं तरी पोटात वीज धरून बसतो. आधी उतरवावी लागती, न्हाई तर मिस्तरीच उतरतो."

मग तो एकेक तार दांड्यानं ठोकू लागला. रेवणप्पा त्याच्या कानाशी वाकला. मी मंचालगतच्या खांबाला टेकून होतो, मला स्पष्ट ऐकू आलं. "कायमची गुरगुर तेवढी काढा. पण थोडी, अधूनमधून... राहू द्या."

व्यंकटचा हात थांबला. त्यानं रेवणप्पाकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. "अधूनमधून म्हंजे कवा हो?"

मला मोजायची खोड आहे. मी म्हणालो, "अकरा दिवसांत नऊ वेळा. पाच जणांवर. पाचही बाया, आणि पाचही जणींच्या घरात पुरुष नाही."

"आन् बाकीच्यांवर का न्हाई?"

मी सांगू लागलो, आणि सांगता सांगता माझं मलाच उमगलं. आमच्याकडं बाई नारळ फोडत नाही. ज्यांच्या घरी पुरुष आहे त्यांचा नारळ तो पुरुष मैदानाच्या दारातल्या दगडावर फोडून आत येतो. जिच्या घरी कुणी नाही, तिचा नारळ रेवणप्पा फोडतो. इथं, मंचावर, डब्याशेजारच्या पाट्यावर.

व्यंकटनं ठोकताना सापडलेली सुटी तार जागेवर नुसती टेकवून ठेवली. झाकण लावलं, वीज सोडली. दिवा लाल झाला. भोंगा गप्प.

"धोंडाबाईला बोलवा!" महाराज कडाडले.

"थांबा जरा," व्यंकट म्हणाला. "पाटील, आधी तुमचा नारळ इथं फोडू द्या."

किशनराव हसत पुढं आले. "फोड की. आपल्याला काय भ्याव?"

व्यंकटनं पाट्यावर नारळ आपटला.

हुंऽऽऽऽ!

पाटलांचं हसू तोंडातच राहिलं. कुणीतरी मागून ओरडलं, "पाटील, गाठोडं बांधा आता!" आणि दोघं हसले, बाकीचे मात्र किशनरावांपासून हातभर मागं सरकले. माणसाला वाळीत टाकायला आम्हाला एवढाच वेळ लागतो.

"कुनी सरकू नका," व्यंकट म्हणाला. "पाटलाचं पाप न्हाई, पाट्याचा हादरा हाय. ह्या माईकला काचेचा व्हॉल्व असतो. त्याला वीज ह्या डब्यातनं जाती. विजेची मूळची गुरगुर हा कंडेन्सर गाळून घेतो. त्याची तार ढिली. हादरा बसला की सुटती, गाळण थांबतं, गुरगुर भोंग्यात. नारळ फोडून फोडून आज ती पुरतीच सुटली."

त्यानं पुन्हा वीज बंद केली, ठिणगी काढली, प्रसादाच्या चुलीत डागायची कांडी तापवली आणि तारेवर कथलाचा थेंब सोडला. शेंगदाण्याएवढा. मग डबा चालू करून तो बाजूला झाला. "आता या, मावशी."

धोंडाबाई मंचावर चढली. पदराचं टोक तिनं दातात धरलं होतं. रेवणप्पाचा हात उठेना, म्हणून व्यंकटनंच नारळ फोडला. एक. मग दुसरा. मग तिसरा, इतक्या जोरानं की पाटा टिचला.

भोंग्यातून नारळाचं पाणी सांडल्याचा आवाज तेवढा आला.

"देवी उठून गेली!" महाराजांनी शेवटचा प्रयत्न केला. "कुणाचा हात लागला बघा तिच्या ठाण्याला!"

मैदान क्षणभर दोन्हीकडं झुकलं. ही वेळ वाईट असते. व्यंकटनं कांडी खाली ठेवली. "हात तर पयल्यांदा बी माझाच लागला व्हता, महाराज. तवा पाटलावर गुरगुरली की. मधी काय लागलं? कथील. देवी कथलाला भेती का?"

आधी एक म्हातारी हसली, मग मैदान. रेवणप्पा मंचाच्या मागच्या बाजूनं उतरून जीपकडं निघाला. महाराज त्याच्यामागं, खडावा हातात घेऊन.

किशनराव घसा खाकरत धोंडाबाईजवळ आले. "झालं गेलं, बाई. रहाट माणसं लावून बसवून देतो."

"रहाट तर बसवालच. पन अकरा दिस भोंग्यातनं माझं नाव घेतलंत. म्हातारीनं घरात पडून आयकलं. आता भोंग्यातनंच सांगा."

"आता? समद्यांम्होरं?"

"समद्यांम्होरंच नाव घेतलंत."

पाटील माईकपाशी गेले. टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "धोंडाबाईचा काही दोष न्हाई. आमची चूक झाली." आवाज इतका स्वच्छ निघाला की शिवेपलीकडं गुरं वळणाऱ्यांनीही मान वर केली. धोंडाबाई मंचावरून उतरली आणि सरळ घराकडं चालू लागली, सासूला विचारायला, ऐकू आलं का म्हणून.

वाचकहो, विहिरीला पाणी असणं हे पाप नाही आणि घरात पुरुष नसणं हाही गुन्हा नाही. अकरा दिवस आम्ही चारशे माणसं त्या डब्यासमोर हात जोडून बसलो, आणि त्याचं झाकण उघडा असं एकानंही म्हटलं नाही. मोजत बसलेल्या मीसुद्धा नाही. तुमच्या गावात कुणी देवाचं नाव घेऊन एखाद्या बाईकडं बोट दाखवील, तर हात जोडण्याआधी त्याच्याकडं पेचकस मागा.