बैल्या धोंडा

जांभूळ गावच्या हरिचंद्रची पिकअप ही मुळात लष्कराच्या लिलावातली जुनी जीप. मागे पत्र्याचा हौदा ठोकून त्याने तिची पिकअप करून घेतलेली. पंधरा वर्षं तिने निमूट ओझी वाहिली, पण १९९१ सालात तिने तीनदा मान टाकली, आणि तिन्ही वेळा एकाच जागी: बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, दांडवाडीच्या चढावर, बैल्या धोंड्यापाशी.

हा बैल्या म्हणजे ऐन वाटेत ठाण मांडून बसलेला काळा कातळ. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. गाडीचं एक चाक त्याच्यावर चढवायचं, दुसरं खाली ठेवायचं आणि देवाचं नाव घेत तिरकं तिरकं पुढे जायचं. साध्या गाडीचं ते काम नव्हतं. चारी चाकांनी ओढणारी हरिचंद्रची जीप तेवढी जायची. त्यामुळे वाडीतल्या ठाकर आदिवासींचा बदलापूरचा बाजार, दवाखाना, रेशन, सगळं तिच्याच जिवावर चालायचं. वाडीतल्या नवसीचं धाकटं पोर तर हौद्यातच जन्मलं होतं. हरिचंद्र ही गोष्ट चारचौघांत वरचेवर सांगायचा, आणि सांगताना बाळंतपण आपणच केल्यासारखा चेहरा करायचा.

तिसऱ्या वेळी स्प्रिंगचे पाटे तुटलेच, वर चासीलाही तडा गेला. उल्हासनगरचा होतचंद मेस्त्री गाडीखालून बाहेर आला, चिंधीला हात पुसले आणि म्हणाला, "साईं, बीमारी गाडी में नहीं, उस पत्थर में है. जब तक वो है, मैं जोडता रहूंगा, तुम तोडते रहोगे." धोंड्याची वाट सोडलीस तर ही आणखी दहा वर्षं पळेल, नाहीतर आजच भंगारात घाल, असं त्याचं मत पडलं.

घरी बायकोने, तुळशीने, आपला निकाल आधीच देऊन ठेवला होता. नवा टेम्पो घ्यायचा, अंबरनाथच्या एमआयडीसीत पिंपं वाहायची. डांबरी रस्ता, ठरलेल्या खेपा, दुपारी घरचं जेवण. तिचं काही चुकत नव्हतं. पण टेम्पोचं पोट जमिनीला टेकलेलं. तो बैल्यापर्यंतही पोचला नसता. टेम्पो आला की दांडवाडी सुटली, हे उघड होतं. महिनाभर हरिचंद्रला धड जेवण गोड लागेना. त्यातच बाजारात वाडीचा नवसू भेटला, तेव्हा मेस्त्रीचं बोलणं त्याने जसंच्या तसं त्याच्या कानावर घातलं. उद्या नाही म्हणायची वेळ आली तर दोष दगडावर जावा, एवढाच त्यात हेतू. नवसूने सगळं ऐकून घेतलं, दगड किती खोल असेल एवढं विचारलं आणि चालू लागला.

शेवटी टेम्पोच ठरला. गुरुवारी भंगारवाला गाडी उचलणार होता. बुधवारी सकाळी हरिचंद्र वाडीला तसं सांगायला निघाला, अर्थातच पायी. चालताना तो मनात बोलणं जुळवत होता. बायका डोळ्याला पदर लावतील, नवसू गयावया करेल, आपण जड आवाजात समजूत घालू, असा सगळा देखावा त्याने रचून ठेवला होता. माणसाला आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं हे फार आवडतं, आणि हरिचंद्र काही जगावेगळा नव्हता.

चढ लागला तसा धुराचा वास आला. वळण ओलांडून त्याने वर पाहिलं आणि त्याचे पाय जागीच थांबले.

निम्मा बैल्या गायब होता. उरलेल्या निम्म्यावर लाकडांचे निखारे लालभडक झाले होते. खालच्या ओहोळापासून वरपर्यंत बायकांची रांग लागली होती आणि हातोहात हंडे वर येत होते. म्हातारी येसू धोंड्याशी उभी होती. पुरुषांनी निखारे बाजूला ओढले, येसूने हात वर केला, आणि तापलेल्या कातळावर एकदम दहा हंडे रिकामे झाले. वाफेचा लोट उठला. आतून असा आवाज आला की हरिचंद्रच्या पायाखालची वाट हादरली. वाफ विरली तेव्हा कातळाला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती, आणि पोरीबाळींपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे पहारी घेऊन तिच्यात शिरले होते.

सुरुंग नाही, यंत्र नाही, कुणाची सही नाही. भाताची झोडणी आटपल्यावर वाडीने सावड केली होती. रोज घरटी दोन माणसं, असा आज बारावा दिवस. फुटलेल्या दगडांनी त्यांनी दरीकडची कड बांधत आणली होती. पंधरा वर्षं हरिचंद्रने या धोंड्याला शिव्या दिल्या होत्या. तो हलवता येईल हे एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं. जुळवलेलं बोलणं तो सगळं विसरला.

"नवसू," तो कसाबसा म्हणाला, "उद्या गारी भंगारात जानार व्हती. तेच सांगाला आयलो."

नवसूने पहार खाली ठेवली नाही. "जाऊ दे की," तो म्हणाला. "आमी हे तुझ्यासाठी न्हाय केलं, शेट. तुजी गाडी आजारी, का धोंडा आजारी, ते तुजं तू बघ. वाट झाली का गाडी येईल. तुजी न्हाय तं दुसऱ्याची."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. हरिचंद्रला ते लागलं, चांगलंच लागलं. इतकी वर्षं आपण या माणसांना वर-खाली नेत होतो आणि त्यांची ताकद आपल्याला दिसलीच नव्हती, याची त्याला लाज वाटली. पण लाजेपेक्षाही नवल मोठं होतं. तो कितीतरी वेळ त्या फुटलेल्या कातळाकडे आणि भिजलेल्या बायकांकडे बघत राहिला.

तापलेला कातळ निववायला हंडे पुन्हा वर येऊ लागले, तसा तो रांगेत शिरला आणि वर आलेला हंडा त्याने येसूच्या हातात दिला.

"आजी," तो म्हणाला, "गारी नीट करून घेतो. वर आणू का?"

पंधरा वर्षांत हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

येसूने हंडा ओतला, रिकामा त्याच्याकडे परत दिला. "आण," ती म्हणाली. "पन आठ दिसांनी. कडेचा भराव आजून कच्चा हाय."