मागची सीट

मी दोघांची सायकल. दोन सीट, दोन हँडल, चार पायडल. एकट्याचं माझ्याकडे काम नाही.

फ्रान्समधल्या सेंट एतिएन शहरात एका कारागिरानं मला पोलादातून घडवलं. आजकालच्या सायकली बोटावर उचलतात. मला उचलायला कंबर लागते. पहिला मालक पाववाला. रविवारी बायकोला घेऊन नदीवर जायचा. दोघं थकली आणि मी गोठ्याच्या भिंतीला लागले. कोंबड्या माझ्यावर झोपायच्या. तक्रार नाही.

मग ओनोरे आणि गास्पार आले. सख्खे भाऊ, दोघांचेही केस पिकलेले. धाकट्या गास्पारला जन्मापासून दिसत नाही. ओनोरे पुढे बसून रस्ता बघणार, गास्पार मागून जोर लावणार. पुढच्यानं मागच्याला रस्त्याची खबर द्यायची, हा आमचा धर्म. "खड्डा!" म्हटलं की मागचा अंग उचलून धरतो. "चढ!" म्हटलं की दोघं मिळून रेटतात. दर उन्हाळ्यात तंबू बांधून निघायचो. गास्पार म्हणायचा, "दादा, तुझ्या आवाजातच मी गावं बघतो."

एका वर्षी ओनोरे ओरडला नाही. उतारावर सूर्यफुलांची शेतं लागली, तो बघत राहिला. मी खड्ड्यात आदळले. गास्पार रस्त्यावर.

गास्पारचं मनगट सुजलं, दुसऱ्या दिवशी मुक्काम करावा लागला. गावच्या तंबूतळावर मला अक्रोडाला टेकवलं. रविवार, गावातली दुकानं बंद. पलीकडे म्हातारे लोखंडी गोळे फेकत होते, एकमेकांच्या नेमाची टर उडवत होते. इकडे दोन भाऊ, मध्ये पाव आणि चीज.

"मनगट दुखतंय का रे?"

"मनगटाचं काय घेऊन बसलास!"

"चुकलं. विसरलो."

"खड्डा विसरला असतास तर चाललं असतं, दादा. मी मागे आहे, हेच विसरलास."

ओनोरेनं पाव तोडला. खाल्ला नाही.

तळाची राखणदारीण जिस्लेन आली. "तुम्हाला एकट्याला घरी जायचंय ना? नवरा गाडी काढतोय, स्टेशनवर सोडेल. अहो गास्पार, सकाळपासून एकमेकांचं डोकंच खाताय, आता जरा सूप खाऊन जा!"

कुणी हसलं नाही.

निघताना गास्पार माझ्यापाशी आला. आपल्या सीटवर हात ठेवला. मग दांडीवरून चाचपत पुढच्या हँडलपर्यंत गेला. इतक्या वर्षांत तिथवर कधी आला नव्हता.

"एवढ्या लांब बसतोस होय, दादा?" म्हणाला आणि गाडीत बसला.

ओनोरे तंबूची दोरी आवळत राहिला. ती आधीच घट्ट होती.

सकाळी त्यानं तंबू गुंडाळून मागच्या सीटला बांधला. घरची वाट धरली. मागचे पायडल पायांवाचून फिरत होते. गावाबाहेर खड्डा आला.

"खड्डा!" ओनोरे ओरडला.

मग घरापर्यंत प्रत्येक खड्ड्याला ओरडला. मागे कुणी अंग उचललं नाही.

आता मी त्याच्या पडवीत आहे. इथे कोंबड्याही नाहीत. तो साखळीला तेल घालतो, दोन्ही सीट पुसतो. मागची जरा जास्तच. आत भिंतीवर फोन आहे. त्याच्यापर्यंत जातो आणि परत येतो.

विनवण्या करायची मला सवय नाही. एकदाच सांगते. ओनोरे, रिकाम्या सीटला एवढा ओरडलास. आता माणसाला हाक मार.