दोन मुठींचा गुलाबी गेम

दातवाल्यांच्या घरात व्हिडिओ गेमचं वेड एकाच माणसाला होतं, आणि ते माणूस म्हणजे त्यांची साठी उलटलेली बायको. गेमचं खोकं आणलं होतं लेकीसाठी, ती शाळेत असताना. लेक मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न करून पलीकडच्या गल्लीत राहायला गेली. जाताना पुस्तकं नेली, कपडे नेले, भिंतीवरचा आरसासुद्धा नेला. खोकं तेवढं मागे राहिलं. आईने ते नेऊ दिलं नाही, हे जास्त खरं.

गेममध्ये एक गोलमटोल उंदीर होता. पाठीवर गाठोडं घेऊन तो किल्ल्यामागून किल्ले पार करायचा, खड्ड्यांवरून उड्या मारायचा. दुपारची आवराआवर झाली की बाई खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसायच्या आणि त्या उंदराला असं फैलावर घ्यायच्या, की जिन्यातून जाणारा माणूस आपल्यालाच कुणी ओरडलं असं समजून जागच्या जागी थांबायचा. इमारतीतल्या पोरांनी त्यांना कप्तान म्हणायला सुरुवात केली, मग मोठी माणसंही म्हणायला लागली. बाईंना ते मनापासून आवडायचं, पण तसं दाखवतील तर शपथ.

दातवाले म्हणजे दातांचे डॉक्टर नव्हेत. ते कवळ्या करायचे. डॉक्टरांकडून जबड्याचे ठसे यायचे, त्यावरून हे प्लॅस्टरचा जबडा ओतायचे, मेणात दात बसवायचे, हिरडीच्या रंगाचं अॅक्रिलिक भरून कवळी शिजवायचे आणि घासून लखलखीत करून परत पाठवायचे. आता दुकान बंद केलं होतं, पण हत्यारं मागच्या खोलीत मांडून ठेवली होती. रिकामं बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

तर घोडं अडलं होतं ते कप्तानबाईंच्या गुडघ्यापाशी. उजवा गुडघा पार झिजला होता. जिना उतरताना बाई कठडा धरून ओठ आवळायच्या आणि मध्येच कुणी भेटलं, तर मुद्दाम गप्पा मारायला थांबल्यासारखं दाखवायच्या. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. तारीख दिली, बाईंनी पुढे ढकलली. पुन्हा दिली, तीही ढकलली.

"बाबा, आता शेवटचं सांगते," लेक एके दिवशी दारातूनच म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, आणखी लांबवलं तर पाय नीट सरळ व्हायचा नाही. मग ऑपरेशन करूनही फारसा उपयोग नाही. तुम्ही आईला समजवा."

"मी समजवू? तिला?" दातवाल्यांनी कपाळाला हात लावला.

"जाणार आहे गं मी," आतून आवाज आला. "सातव्या किल्ल्यात अडकलेय. तेवढा सुटला की जाते. खेळ अर्धा टाकून तिथे किती दिवस पडून राहू? वॉर्डातला टीव्ही छताला टांगलेला, रिमोट नर्सच्या खिशात. माझं खोकं तिथे लावू देणार आहेत का?"

लेकीने डोळे फिरवले आणि ती निघून गेली. दातवाले मात्र विचारात पडले. या माणसाचा एक मोठा गुण होता, आणि तोच मोठा दोष होता: बायकोचं बोलणं ते अक्षरशः खरं धरायचे. दवाखान्यात खेळायला मिळत नाही म्हणून ही जात नाही. म्हणजे खेळ हातात धरून नेता आला, की ही जाणार. इतकं साधं! ठसा घ्यायचा, साचा करायचा, आत सामान बसवायचं. जन्मभर दुसरं काय केलं होतं?

"तुझं खोकं मला दे," ते दुसऱ्या दिवशी म्हणाले. "फोडतो आणि त्याचं हातात मावेल असं यंत्र करतो. पडदा त्यालाच, बॅटरी त्यालाच. पलंगावर पडून खेळ."

बाई फणा काढतील असं त्यांना वाटलं होतं. पण बाईंनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घ्या. सावकाश करा, घाई नको."

केवढा हा विश्वास, असं वाटून दातवाल्यांना भरून आलं. बाईंच्या मनात काय होतं, याचा थांगपत्ता त्यांना लागला नव्हता. नवऱ्याला विजेतलं काडीचं कळत नाही, हे बाई चांगलं जाणून होत्या. खोकं उघडं पडलेलं असेपर्यंत ऑपरेशनचं नाव काढायला नको, असा त्यांचा हिशेब होता.

हिशेब चुकला. दातवाले हट्टाला पेटले. फोनवर व्हिडिओ लावून, चष्म्यावर भिंग चढवून ते मागच्या खोलीत बसू लागले. व्हिडिओतली पोरं यंत्राच्या पोटातली हिरवी पाटी करवतीने अशी कापायची की हे डोळे मिटून घ्यायचे. यांनी कडेचा नको असलेला भाग दात कापायच्या बारीक चकतीने कापला, श्वास रोखून, जणू पाटीला भूल दिलेली नाही. गाडी मागे घेताना ड्रायव्हरला दिसावं म्हणून बसवतात तसला छोटा पडदा गॅरेजवाल्याकडून आणला. बॅटरी आणली. कवळीच्या तारा जोडताना डाग द्यायची सवय हाताला होतीच, तारांचे डाग असे नेटके बसले की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. पहिल्यांदा पडद्यावर उंदीर उगवला तेव्हा ते एकटेच "आला! आला!" करून ओरडले, आणि बाहेर बाईंच्या हातातला कप बशीवर जरा जोरात आदळला.

मग कवच. ते करायचं तर कप्तानबाईंच्या हातांच्या मापाचंच, यावर ते ठाम होते. ते मेणाचे दोन मऊ गोळे घेऊन आले.

"दाबून धर. खेळताना धरतेस तसं."

"माझ्या हातांना आता दात बसवणार का?"

"बोलू नकोस, ठसा हलतो."

"तोंडाचा ठसा आहे का हा? हातांचा आहे. बोलेन नाही तर गाईन."

बाईंनी गोळे दाबले. बोटांच्या खाचा मेणात उमटल्या, अंगठीचीसुद्धा. दातवाल्यांनी त्यावरून साचे केले, अॅक्रिलिक भरलं, स्वयंपाकघरातलं सगळ्यात मोठं पातेलं पळवून त्यात ते शिजवलं. वासाने घर डोक्यावर घेतलं. दुकानातलं उरलेलं अॅक्रिलिक एकाच रंगाचं होतं, त्यामुळे यंत्र झालं हिरडीसारखं गुलाबी. वर पडदा, खाली लटकत्या दोन मुठी, एका मुठीवर दिशेची कळ, दुसरीवर उडीची. सांधा त्यांनी स्क्रूने जोडला नाही. कवळीला कुणी स्क्रू मारतं का? अॅक्रिलिकनेच बुजवला आणि घासून असा एकजीव केला की सांधा शोधून दाखवणाऱ्याला बक्षीस द्यावं. यंत्र टेबलावर ठेवून त्यांनी कळा एकेक दाबून पाहिल्या: उंदीर मागे गेला, पुढे गेला, उडाला. पण खेळले नाहीत. पहिला खेळ तिचा, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरांनी दिलेली नवी तारीख दोन दिवसांवर आली होती. संध्याकाळी त्यांनी यंत्र टॉवेलात गुंडाळून पलंगावर बसलेल्या बाईंच्या मांडीवर ठेवलं. लेकही आली होती.

बाईंनी टॉवेल उघडला. "अगंबाई, हे तर हसतंय!" त्या म्हणाल्या, पण आवाज जरा पडला होता. त्यांनी मुठी धरल्या. मग सोडल्या. पुन्हा धरल्या. बोटं खाचांत काही केल्या बसेनात. उंदीर निघाला, बाईंचा डावा अंगठा दिशा शोधत उडीवर पडला, उजवा उडी शोधत दिशेवर, आणि सहा किल्ले गाजवलेल्या कप्तानाचा उंदीर पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा निघाला, पुन्हा पडला.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "डावं-उजवं उलटं झालंय."

दातवाल्यांनी यंत्र हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. जन्मभर त्यांनी माणूस समोरून पाहिला होता. समोरच्याची उजवी दाढ आपल्या डाव्या हाताला, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की कागदावर आखणी करतानाही त्यांनी डाव्या बाजूला "उजवा" लिहिलं, उजव्या बाजूला "डावा", आणि मुठी तशाच बसवल्या. बायकोला त्यांनी समोर बसलेला जबडा करून टाकलं होतं.

"उघडून बदला ना," लेक म्हणाली.

"उघडायला सांधा ठेवलाय कुठे? फोडावंच लागेल. आणि फोडलं तर आतलं वाचेल की नाही..." खोकं गेलं, खेळ गेला आणि आता ऑपरेशनही गेलं. ते खुर्चीत बसले. "अगं, तुझं होतं ते पण घालवलं मी. आता तू जायची नाहीस."

बाईंच्या सुटकेची वाट आयती समोर आली होती. नुसतं "मग राहू दे" म्हटलं की झालं. पण समोर नवरा असा बसलेला, बोटांना अॅक्रिलिक चिकटलेलं, डोळ्यांत पाणी. त्यांना ते बघवेना.

"यंत्राचं काही नाहीये हो," त्या म्हणाल्या. "खोटं बोलत होते मी. मला भीती वाटते."

"कसली?"

"भूल देतात त्याची. डोळे मिटायचे आणि आपण कुठे जातो तेच कळायचं नाही. शेजारी ओळखीचं कुणी नाही, तोंडं बांधलेली माणसं... आणि परत नाही आले तर?"

"आई, हे आधी का नाही सांगितलंस?"

"कप्तान म्हणता ना सगळे," बाई चिडून म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

दातवाले उठून त्यांच्या शेजारी पलंगावर बसले. बोलण्यात ते कधीच हुशार नव्हते. नुसतं काहीतरी करायचं म्हणून त्यांनी यंत्र उचललं आणि दोघांच्या मध्ये धरलं. बाई त्यांच्या उजव्या हाताला होत्या. बाईंनी नाक पुसता पुसता आपला डावा हात जवळच्या मुठीवर ठेवला, आणि त्या थबकल्या. बोटं खाचांत चपखल बसली होती. अंगठ्याखाली दिशा.

"अहो, तुमचा उजवा हात तिकडे ठेवा बघू. तुमच्या बाजूला."

दातवाल्यांनी ठेवला. त्यांची जाडी बोटं बायकोच्या बोटांच्या खाचांत कशीबशी शिरली. अंगठीच्या खळग्यात करंगळी अडकली. अंगठ्याखाली उडी.

"मी चालवते. मी म्हटलं की उडी मारायची. आधी नाही, नंतर नाही."

"मला कुठे येतंय खेळता?"

"म्हणून तर सांगतेय! उडी!"

उंदीर खड्ड्यात पडला.

"अहो, म्हटल्यावर मारा ना! विचार काय करताय?"

पुन्हा पडला. लेक हसून हसून जमिनीवर बसली. पण कितव्या तरी वेळेला बाई ओरडल्या "उडी!" आणि दातवाल्यांचा अंगठा नेमका पडला. उंदीर हवेत गेला आणि पलीकडच्या काठावर धप्पकन उतरला. दोघं एकदम ओरडले. खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी ठोकली.

ठरल्या दिवशी बाई जिना उतरल्या, कठडा धरून, ओठ न आवळता, मोठ्याने कण्हत. लपवायचं आता काही उरलं नव्हतं. वॉर्डात दोघं पलंगावर शेजारी बसून सबंध दुपार खेळले, आणि गुलाबी यंत्र बघायला शेजारच्या पेशंटबाया प्लॅस्टर सांभाळत येऊन गेल्या. पहिला किल्लासुद्धा सुटला नाही. मग न्यायची वेळ झाली. थिएटरच्या दारापर्यंत दातवाले स्ट्रेचरला धरून चालले. दाराशी बाईंनी नवऱ्याचा हात एकदा घट्ट दाबला आणि सोडला.

दातवाले बाहेरच्या बाकावर बसून राहिले. लेकीने आणलेला चहा तसाच गार झाला.

ऑपरेशन नीट पार पडलं, असं डॉक्टर सांगून गेले. बाईंना बाहेर आणलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेलेच होते, चेहरा पांढरा पडला होता. दातवाले पलंगाच्या डाव्या अंगाला स्टूल ओढून बसले. हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नर्स म्हणाली, होतं असं, वेळ लागतो. दातवाल्यांना घाम फुटला.

मग चादरीवर बाईंचा डावा अंगठा हलला. थोडा पुढे, थोडा मागे, पुन्हा पुढे.

"खड्डा आलाय," बाई पुटपुटल्या. "अहो..."

"काहीतरी बरळतायत," नर्स म्हणाली. "भूल उतरायचीय अजून."

"बरळत नाहीये," दातवाले म्हणाले. त्यांनी आपला उजवा हात चादरीवर बायकोच्या हाताशेजारी ठेवला.

"उडी," बाई म्हणाल्या.

दातवाल्यांनी अंगठा दाबला.

"मारली गं."

"पोचलो?"

"पोचलो."

बाईंनी डोळे उघडले.