होदायाचे सहा तास

तर त्या दिवशी होदाया सहा वर्षांची होणार होती, आणि पंधरा दिवस आधीपासून तिने घरादाराला एकच भुणभुण लावली होती. वाढदिवसाला पिझ्झा! तोही साधासुधा नाही, हाँगकाँगच्या मोझेलबाईंच्या हॉटेलातला. तिचे बाबा, गिलाद, हिऱ्यांच्या प्रदर्शनासाठी दर वर्षी तिकडे जायचे आणि परत येऊन त्या पिझ्झ्याचं असं वर्णन करायचे, चीज असं ओढलं जातं, असं ओढलं जातं की उभं राहून खावं लागतं! इस्रायलमधल्या पेताह तिक्वाच्या घरात बसून पोरांच्या तोंडाला पाणी सुटायचं.

यंदा सगळेच निघाले. गिलाद, त्यांची बायको नआमा, नऊ वर्षांचा याईर, होदाया, कडेवरचा नेती, आणि पोरं सांभाळायला नआमाची धाकटी बहीण अवितल. वय वीस, उत्साह दांडगा, डोकं जरा मागून येणारं.

आणि नआमा म्हणजे काय बाई आहे! अवितल चार दिवस नुसती बघतच होती. परमुलुखात तीन पोरं घेऊन कोशर, म्हणजे आपल्या ज्यू धर्माच्या नियमांत बसेल तेवढंच, जेवायचं म्हणजे गंमत आहे का? आपलं म्हणावं असं हॉटेल शोधायला अर्धं शहर तुडवायचं, ते निघणार कुठल्यातरी ऑफिसच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर, खाली पहारेकरी पिशव्या तपासणार, तोवर नेती एक बूट कुठेतरी टाकून आलेला असणार. नआमाचा आवाज एकदाही चढला नाही. टेबलाशी बसल्या बसल्या ती पहिल्यांदा साधा भात मागवायची. "पोटात काही पडलं ना, की भांडायचा जोर निम्मा होतो," म्हणायची. मांसाच्या हॉटेलात शिरायच्या आधी नेतीची दुधाची बाटली बाहेरच्या बाकावर बसून संपवून घ्यायची, कारण मांस आणि दूध एकत्र चालत नाही, तिथे आत दूध न्यायचं नाही. आणि हे सगळं चालता चालता, दुसऱ्या हाताने याईरची कॉलर धरून!

शेवटच्या दिवशी दुपारी एकला पिझ्झा आणि संध्याकाळी विमान, असा बेत होता. सकाळी नआमा सामान आवरत होती, म्हणून अवितल दोघा मोठ्यांना घेऊन कोशर दुकानात प्रवासाचा खाऊ आणायला गेली. दुकानात शिरलं की समोरच तव्यावर गरमागरम सॉसेज परतत होते. वास असा की काय सांगू! होदायाने पिझ्झ्यासाठी पोट राखायचं म्हणून सकाळी काही खाल्लंच नव्हतं. ती काचेला नाक लावून उभी राहिली.

"मावशी, एक?"

"एकच का? वाढदिवस आहे तुझा!" अवितल म्हणाली. एक होदायाला, आणि दोन स्वतःला. याईर म्हणाला, मला नको. तेव्हा तरी अवितलला शंका यावी की नाही? कुठलं! तिला वाटलं, पोरगा शहाणा झाला.

दुपारी मोझेलबाईंनी खिडकीजवळचं टेबल राखून ठेवलं होतं. बाई म्हाताऱ्या, बगदादकडच्या, पण तीन पिढ्या हाँगकाँगात काढलेल्या. गळ्यात मोत्यांची माळ, पायात सपाता. पिझ्झा स्वतः घेऊन आल्या. चीज अजून खदखदत होतं. होदायाने तुकडा उचलला, दोरी लांब लांब ओढली गेली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिने तोंड उघडलं...

आणि थांबली.

तुकडा तसाच हातात. "मावशी," ती हळूच म्हणाली, "आपण सकाळी सॉसेज खाल्लं."

अवितलने पिझ्झ्याकडे नेलेला हात मागे घेतला. मांस खाल्लं की त्यांच्या घरी सहा तास दुधाच्या पदार्थाला शिवायचं नाही, हे तिला काय माहीत नव्हतं? जन्मापासून माहीत होतं! पण परक्या गावात, कडकडून भूक, तव्यावरचा वास. सकाळी आठवलंच नाही, बघा.

"सॉसेज?" नआमाने बहिणीकडे पाहिलं.

"मी... नआमा, माझ्या डोक्यातच आलं नाही गं."

"याईर, तू होतास ना तिथे?"

"मला वाटलं मावशीला माहितेय," याईर म्हणाला. "ती मोठी आहे." आणि त्याने दुसरा तुकडा घेतला.

गिलाद म्हणाले, "अगं, खा राणी. तुझ्याएवढ्या मुलांना एक तास पुरतो. आपल्या धर्मगुरूंनी, रब्बींनीच सांगितलंय आपल्याला. साडेदहाला खाल्लंस, कधीच झाला तास!"

हे खरंच होतं. लहान मुलांना एवढी सूट असतेच. अवितलचा जीव भांड्यात पडला. पण होदायाने तुकडा ताटात ठेवला.

"मी काल रात्री फोनवर आजीला सांगितलंय," ती म्हणाली. "सहा वर्षांची झाले की मी मोठ्यांसारखी सहा तास थांबणार. आजी म्हणाली, शाब्बास."

"आजीला कोण सांगायला जातंय?" याईर म्हणाला.

"मी सांगेन!" होदायाचे डोळे भरून आले, पण आवाज ठाम.

आता नआमा काय करते, इकडे अवितलचं सगळं लक्ष. एक शब्द पुरला असता. आई म्हणते खा, की पोर खाणार. ह्यानंतर दुसरा वाढदिवस, दुसरं मोझेलबाईंचं हॉटेल कुठून आणायचं? नआमाने मुलीचे डोळे पुसले, बोटाला लागलेलं चीज पुसलं.

"खाल्लंस तर काही चुकणार नाही," ती म्हणाली. "थांबलीस तर मी पिझ्झा बांधून घेईन, विमानतळावर खाशील. गार होईल. चीज ओढलं जाणार नाही. हे आधीच सांगते. आता तू ठरव."

होदायाने पिझ्झ्याकडे पाहिलं. बराच वेळ. अवितलला वाटलं, आपणच रडणार आता.

"बांध," होदाया म्हणाली.

मोझेलबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! इथे मिशीवाले बाप्ये घड्याळ पुढे सरकवून चीजकेक मागतात माझ्याकडे! आणि ही टीचभर पोरगी!" त्या तशाच सपाता फटफटवत आत गेल्या. केक तर सायीचा, तो कसा देणार? बाहेर आल्या त्या परतलेल्या भाताचा हा एवढा डोंगर घेऊन, वाटाणे, गाजर, आणि वर सहा मेणबत्त्या पेटलेल्या! सगळं हॉटेल गायला लागलं. होदायाने फुंकर मारली तेव्हा दोन वाटाणे उडून गिलादच्या चष्म्यावर बसले.

"तू किती खाल्लेस सॉसेज?" नआमाने अवितलला विचारलं.

"दोन."

"मग काय बघतेस? भात खा."

विमानतळावर पासपोर्टच्या रांगेत अवितल खोका छातीशी धरून उभी होती. रांग मारुतीच्या शेपटासारखी. होदायाला घड्याळ येत नव्हतं, त्यामुळे ती पुढच्या माणसाला विचारी, मागच्या बाईला विचारी, शेवटी अख्ख्या रांगेला कळलं की ही मुलगी साडेचारची वाट बघतेय. मागे तेल अवीवला जाणारा मोठा घोळका होता. एक टकले काका म्हणाले, "माझ्या घड्याळात झाले बघ."

"तुमचं पुढे आहे," होदाया म्हणाली. "बाबांचं बघू."

बाबांचंही झालं तेव्हा अवितलने खोका उघडला. चीज रबरासारखं घट्ट, कडा वाकलेल्या. होदायाने तुकडा दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि खाण्याआधीची प्रार्थना मोठ्याने म्हटली, एकेक शब्द सुटा. घोळक्यातून असं दणदणीत "आमेन" आलं की पलीकडच्या रांगाही वळून बघायला लागल्या.

"कसा आहे?" अवितलने विचारलं.

"गार," होदाया तोंडभरून म्हणाली. "तूही घे ना. तुझेपण झाले."

अवितलने घेतला. वीस वर्षांत तिने कितीदा सहा तास मोजले होते, पण कधी कुणाला सांगायची वेळ आली नव्हती की मी ठरवलंय.

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. काचेमागच्या अधिकाऱ्याने पासपोर्टसाठी हात पुढे केला. होदायाने चीजने माखलेलं एक बोट वर केलं. जरा थांबा, माझं खाणं चाललंय.

आणि तो थांबला.